ब्लेंडर ४.२ आणि मोठ्या मायचा मांडा: दीड वर्ष वापरल्यानंतर

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या अमळनेरच्या घरी मागच्या अंगणात चूल पेटते, तिच्यावर खापर पालथं बसतं आणि मोठी माय मांडे करायला घेते. दोन लहान पुऱ्यांच्या मध्ये पुरण भरलेलं, कडा दाबून बंद केलेल्या. ही जाडसर पोळी ती हातांवर घेते आणि तळव्यांवरून मनगटांवर, मनगटांवरून पार कोपरापर्यंत खेळवत वाढवत नेते. लाटणं लागत नाही. हात आळीपाळीने उलटसुलट होतात, प्रत्येक वळणाला पोळी थोडी रुंदावते आणि बघता बघता इतकी पातळ होते की चुलीचा जाळ तिच्याआड लालसर दिसायला लागतो. मग दोन्ही हात खापरावर जातात आणि मांडा अलगद खाली उतरतो.

मोठी माय आता ८१ वर्षांची आहे. तिचे हात असे फिरताना मला तीन मिनिटांच्या अहिराणी ॲनिमेशनमध्ये पकडायचे होते. व्हिडिओ काढून ठेवलेच आहेत, पण व्हिडिओत मांड्याच्या खालून हात काय करतात ते दिसत नाही. ॲनिमेशनमध्ये कॅमेरा कुठेही नेता येतो, अगदी मांड्याखाली दोन बोटांच्या मध्येसुद्धा. मी दिवसा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते आणि रात्री ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडते. दीड वर्ष हे चाललंय, म्हणून हा अभिप्राय लिहितेय. पूर्ण ब्लेंडरबद्दल तो नाही. रेंडर, प्रकाश, मटेरियल यांवर पुष्कळ लोक लिहितात. मी फक्त एवढंच सांगणार आहे की एकदा तयार झालेला त्रिमितीय मेश (वस्तूची जाळी) वाकवायचा, पिळायचा, ताणायचा असेल तर ब्लेंडर हातात काय देतं आणि त्यातलं काय कुठे चालतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. माझ्या कामाला हे सॉफ्टवेअर पुरून उरलं, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. पण मेशला आकार द्यायची त्यातली प्रत्येक पद्धत काहीतरी राखते आणि काहीतरी सोडून देते. कोणी जाडी राखतं, कोणी बारकावे राखतं, कोणी फक्त हाडांचं ऐकतं. हे कळेपर्यंत माझे पहिले सहा महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत.

ज्यांना ब्लेंडर नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. टॉन रोझेंडाल या डच माणसाने १९९४ च्या सुरुवातीला आपल्या ॲनिमेशन स्टुडिओच्या कामासाठी ते लिहायला घेतलं. पुढे कंपनी बंद पडली, तेव्हा गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घेण्यासाठी २००२ साली लोकांकडून १ लाख युरो जमवले गेले, तेही सात आठवड्यांत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते सगळ्यांसाठी खुलं झालं. मी वापरते ती ४.२ ही जुलै २०२४ ची आवृत्ती, दोन वर्षं दुरुस्त्या मिळत राहतील अशी. किमान ८ जीबी रॅम आणि ४ कोअरचा प्रोसेसर मागते. माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे, रॅम १६ जीबी. लाइट गेली तरी फार नुकसान होत नाही, कारण दर दोन मिनिटांनी फाइल आपोआप जपून ठेवली जाते. उन्हाळ्यात आमच्याकडे या सोयीची किंमत कळते.

आता हात.

मोठ्या मायचा हात मी फोटोंवरून बनवला. फुगलेल्या शिरा, करंगळीजवळचा चटक्याचा डाग, हिरव्या काचेच्या बांगड्या, सगळं. मेश म्हणजे शेवटी बिंदूंची जाळी. माझ्या हातात असे सुमारे नऊ हजार बिंदू होते. आत बोन्स, म्हणजे मेशला हलवणारी हाडं, घातली, ऑटोमॅटिक वेट्स (कुठला बिंदू कुठल्या बोनचं किती ऐकेल याचे हिस्से) दिली, तळहात पालथा होता तो उताणा केला आणि व्ह्यूपोर्टमधला, म्हणजे काम करायच्या खिडकीतला, तो तुकडा लॅपटॉपवरच मोठ्या मायला दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ मना हात नही शे."

तिचं बरोबर होतं. वळताना मनगट बारीक होत होतं. गोळीच्या कागदाचं टोक पिळल्यावर जसं दिसतं तसंच.

मी याआधी एका मोठ्या शहरातल्या क्लासमध्ये अठरा हजार रुपये भरून तीन महिने हे शिकले होते. तिथे हाच प्रश्न विचारला होता. उत्तर मिळालं होतं, कॅमेऱ्याचा अँगल बदला म्हणजे दिसणार नाही. मला मनगटच दाखवायचं होतं. या उत्तराचा राग मला आजही आहे, कारण खरं कारण पाच मिनिटांत सांगण्यासारखं आहे.

मनगटातल्या बांगडीवर एक टिंब ठेवलंय असं समजा. कोपराकडचं बोन त्या टिंबाला सांगतं, जागेवर थांब. हाताचं बोन सांगतं, ९० अंश फिर. टिंबाचं वेट दोघांकडे निम्मंनिम्मं असेल तर ब्लेंडर दोन्ही उत्तरांची सरासरी काढतं. सरासरी म्हणजे त्या दोन जागा सरळ रेषेने जोडल्यावर येणारा मध्य. तो बांगडीच्या गोलावर पडत नाही, आत पडतो: केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्क्यांवर. १२० अंशांना निम्म्यावर येतो. १८० अंशांना थेट केंद्रात, म्हणजे मनगटाचा धागा होतो. मांडा फिरवताना मोठ्या मायचा हात जवळपास १६० अंश वळतो. १६० अंशांना त्रिज्या उरते १७ टक्के. सहा सेंटिमीटरची बांगडी एक सेंटिमीटरची.

हा दोष ब्लेंडरचा नाही, रेषीय सरासरीच्या पद्धतीचा आहे. व्हिडिओ गेमपासून चित्रपटांपर्यंत सगळीकडे ती वापरतात, कारण ती झपाट्याने चालते. ब्लेंडरमध्ये तिच्यावर एक तयार उतारा आहे. मॉडिफायर म्हणजे मूळ मेश न बदलता त्याच्यावर चढवलेली क्रिया; बोन्सप्रमाणे मेश हलवणाऱ्या आर्मेचर मॉडिफायरमध्ये 'प्रिझर्व्ह व्हॉल्यूम' नावाची चौकट असते, आधीपासून टिक केलेली नसते. टिक केली की सरासरीऐवजी ड्युअल क्वाटर्नियनचं गणित चालू होतं. लाडिस्लाव्ह काव्हान आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ते स्किनिंगसाठी, म्हणजे हाडांनी कातडी हलवण्यासाठी, मांडलं. यात टिंब सरळ रेषेने जात नाही, गोलावरूनच जातं, म्हणून मनगट बारीक होत नाही.

टिक केली आणि मनगट सुधारलं. दुसऱ्या दिवशी कोपराकडे लक्ष गेलं. हात दुमडला की कोपराचं टोक बाहेर फुगत होतं, सुजल्यासारखं. तेही त्या गणिताचंच दुसरं रूप. बिंदू सांध्याभोवतीच्या गोलावर ठेवायचे म्हटले की दुमडताना बाहेरच्या बाजूची कातडी आत येण्याऐवजी बाहेरच राहते. म्हणजे पिळायला ही पद्धत चांगली, दुमडायला नाही. आणि एकाच हातात दोन्ही होतं.

उत्तर मला मोठ्या मायच्या हातातच सापडलं. तुम्हीही करून पाहा: डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपर आणि मनगट यांमधला भाग हलकेच धरा आणि उजवा तळवा उताणा-पालथा करा. वळण मनगटात होत नाही. कोपराखाली दोन हाडं आहेत, त्यातलं एक दुसऱ्यावरून फिरतं आणि वळण पूर्ण लांबीत वाटलं जातं. मी एकच बोन ठेवून सगळं वळण एका सांध्यावर लादलं होतं. मग कोपर ते मनगट या भागाची तीन बोन्स केली आणि कॉपी रोटेशन (दुसऱ्या बोनचं वळण उचलणारी जोडणी) लावून पहिल्याला हाताच्या वळणाचा पाव हिस्सा दिला, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला पाऊण. आता एका सांध्यावर ४० अंशच येतात आणि ४० अंशांना त्रिज्या ९४ टक्के राहते. प्रिझर्व्ह व्हॉल्यूमची टिक काढून टाकली. कोपराची सूज गेली, मनगटही शाबूत राहिलं.

बांगड्यांचं वेगळं करावं लागलं. पहिल्या चाचणीत त्यांनाही हाताची वेट्स मिळाली होती आणि काचेच्या बांगड्या रबरासारख्या लांबट होत होत्या. प्रत्येक बांगडीचे सगळे बिंदू एकाच बोनला शंभर टक्के बांधले, मग त्या काचेच्या झाल्या. कडक वस्तूला दोन बोन्सची वेट्स कधीच देऊ नका.

कोपराच्या आतल्या घडीसाठी करेक्टिव्ह स्मूथ मॉडिफायर वापरला आणि तो मला मनापासून आवडला. याच कल्पनेचं 'डेल्टा मश' हे रूप २०१४ साली जाहीर झालं. काम असं चालतं: मूळ मेश गुळगुळीत करून घ्यायचा, प्रत्येक बिंदू त्या गुळगुळीत रूपापासून किती दूर होता ते लक्षात ठेवायचं, वाकवलेला मेशही तसाच गुळगुळीत करायचा आणि ते अंतर परत जोडायचं. वाकवण्यातले खडबडीत दोष पुसले जातात, पण शिरा आणि सुरकुत्या परत येतात. मोठ्या मायच्या हातावरच्या शिरा मला हव्याच होत्या. 'ओन्ली स्मूथ' मात्र टिक करू नका. त्याने परत जोडायची पायरी गळते आणि ८१ वर्षांचा हात अठरा वर्षांचा होतो. मॉडिफायरचा क्रमही पाळा: वर आर्मेचर, त्याखाली करेक्टिव्ह स्मूथ, सगळ्यात खाली जाळी बारीक करणारं सबडिव्हिजन. उलटं केलं तर लॅपटॉप हजारो जादा बिंदूंवर राबत बसतो.

मांडा मला सोपा वाटला होता. तोच सगळ्यात अवघड निघाला.

कणकेचं एक वागणं कोणत्याही मॉडिफायरला आपोआप माहीत नसतं: ती रुंद झाली की पातळ होते. मी टेपने मोजलं होतं. हातावर घेताना पोळी १४ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १८ मिलिमीटर जाड, खापरावर जाताना ४२ सेंटिमीटर. रुंदी तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जाडी एक नवमांश, २ मिलिमीटर. पीठ आणि पुरण तेवढंच. ॲनिमेशनमध्ये जाडी तशीच ठेवली तर पाहणाऱ्याला गणित कळणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळेल, आणि खानदेशातल्या बाईला तर पहिल्या झटक्यात.

पहिला प्रयत्न प्रपोर्शनल एडिटिंगचा. एक बिंदू ओढायचा, भोवतालचे कमी-कमी होत मागे येतात. एका स्थिर चित्रासाठी छान, पण दर फ्रेमला हाताने ओढत बसणं शक्य नव्हतं. दुसरा प्रयत्न क्लॉथ सिम्युलेशनचा. चार रात्री गेल्या. पडदा, पदर, झेंडा यांसाठी ते उत्तम आहे. पण कापड ताणून सोडलं की आपल्या मूळ मापाकडे परततं. कणीक परतत नाही. मोठ्या मायने ताणलेला मांडा हात थांबला की ताणलेलाच राहतो, आणि माझा प्रत्येक थांब्याला आखडत होता.

मग लॅटिसकडे वळले आणि तिथेच थांबले. ही १९८६ सालची कल्पना, थॉमस सेडरबर्ग आणि स्कॉट पॅरी यांची. वस्तूला हात लावायचाच नाही. वस्तू ज्या जागेत आहे ती जागाच वाकवायची. वस्तूभोवती ठोकळ्यासारखी मोजक्या बिंदूंची चौकट बसवायची आणि तिचे बिंदू हलवायचे. आतलं सगळं सोबत वाकतं, जसं जेलीत अडकवलेलं फूल जेली दाबल्यावर दबेल. माझी चौकट आडवी पाच बाय पाच आणि उंचीला फक्त दोन थरांची. आडवे बिंदू बाहेर सरकवले की मांडा रुंदावतो, दोन थर जवळ आणले की पातळ होतो. मग थरांमधल्या अंतराला ड्रायव्हर, म्हणजे एका मूल्यावरून दुसरं आपोआप काढणारं सूत्र, लावला: एक भागिले ताणाचा वर्ग (ताण म्हणजे रुंदी मूळच्या किती पट). ताण १ असेल तर जाडी पूर्ण, ताण ३ झाला की जाडी एक नवमांश. एकच मूल्य हलवायचं आणि मांडा रुंदावत पातळ होतो. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी उठून घरभर फिरले.

लॅटिसची मर्यादा कळून घेण्यासारखी आहे. तिला फक्त जागा कळते, वस्तू कळत नाही. मांड्याच्या मेशला लॅटिस लावली तर अडचण नाही, पण अख्ख्या मोठ्या मायला एकच लॅटिस लावून तिचा हात सरकवायला गेलात तर हाताजवळची कंबरही सोबत सरकते, कारण दोघी त्याच जागेत आहेत.

हातावरून लोंबणाऱ्या कडांसाठी मात्र लॅटिस बोथट पडली. बोटांच्या टोकांवर मांडा उचललेला असतो, मध्ये झोळ पडतो. तिथे लॅप्लेशियन डिफॉर्म वापरला. यात प्रत्येक बिंदू स्वतःची जागा लक्षात ठेवत नाही, शेजाऱ्यांच्या सरासरीपासून आपण किती आणि कुठल्या बाजूला आहोत ते लक्षात ठेवतो. थोडे बिंदू अँकर म्हणून पकडायचे, बाइंड करायचं (म्हणजे मेशची आताची स्थिती मॉडिफायरला नोंदवून द्यायची) आणि हूक, म्हणजे बिंदू ओढायची मूठ, लावून ते अँकर हलवायचे. बाकीची जाळी शेजाऱ्यांशी असलेलं नातं शक्य तेवढं राखत मागून येते. मी दहा बोटांखाली दहा अँकर-गट ठेवले आणि मांड्यावरचे पुरणाचे बारीक उंचवटे न बिघडता सुंदर झोळ पडला.

पण त्याच मॉडिफायरने मांडा ताणायला गेले तेव्हा जमलं नाही, आणि कारण त्याच्या चांगुलपणातच आहे. तो उंचवटे राखतो. तिप्पट ताणलेल्या मांड्यात पुरणाचे उंचवटे राहायला नकोत, पसरून सपाट व्हायला हवेत. म्हणून ताण लॅटिसकडे, झोळ लॅप्लेशियनकडे असं वाटून दिलं. एक धोका सांगून ठेवते: बाइंड केल्यावर मेशमध्ये एक बिंदू जरी वाढला वा कमी झाला तर हा मॉडिफायर थांबतो, कारण हिशोब बिंदूगणिक ठेवलेला असतो. मी बाइंड करून मग जाळी बारीक केली आणि आठवड्याचं काम परत करावं लागलं. जाळी आधी पक्की करा, बाइंड नंतर.

याच घराण्यातली पुढची पद्धत ओल्गा सोर्किन आणि मार्क अलेक्सा यांची, २००७ सालची. तिला 'ॲज रिजिड ॲज पॉसिबल' म्हणतात. प्रत्येक बिंदूभोवतीचा छोटा तुकडा शक्य तेवढा कडक ठेवायचा, त्याला फक्त फिरू द्यायचं. ब्लेंडरच्या मॉडिफायर यादीत या नावाचं काही नाही. चामड्याचा जोडा वाकवायचा असता तर मला ती उणीव जाणवली असती. कणकेला ती नकोच आहे. कणीक म्हणजे कडकपणाच्या नेमकी उलट वस्तू.

लुगड्याला मेश डिफॉर्म लावला. शरीराभोवती थोड्या बिंदूंचा एक बंद पिंजरा करायचा आणि तो हलवला की आतलं सगळं हलतं. लॅटिसपेक्षा फरक असा की पिंजरा हवा त्या आकाराचा करता येतो, आणि प्रभाव पिंजऱ्याच्या आतून वाट काढत पसरतो, सरळ हवेतून उडी मारत नाही. त्यामुळे हात आणि कंबर जवळ असल्या तरी मध्ये पिंजऱ्याची भिंत असली की एकीने दुसरीला ओढत नाही. यामागचं हार्मोनिक कोऑर्डिनेट्सचं गणित पिक्सारच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. किंमत मोजावी लागते ती बाइंड करताना. प्रिसिजन (हिशोबाचा बारीकपणा) ५ ला माझ्या लॅपटॉपने फार कुरकुर केली नाही, ७ ला मी दोनदा चहा करून आले. पदराचं टोक पिंजऱ्याबाहेर राहिलं होतं, ते शरीर वाकल्यावरही हवेत तसंच उभं राहिलं. ती चूक माझी. पिंजरा सगळं पोटात घेणाराच हवा. पदर शेवटी सरफेस डिफॉर्मने लुगड्याला बांधला.

बाकी थोडक्यात. अंगणातल्या झोक्याचे दोर सिंपल डिफॉर्मच्या ट्विस्टने पिळले. पीळ, वाक, निमुळतेपणा ही सूत्रं ॲलन बार यांनी १९८४ साली मांडली आणि अशा कामाला आजही तीच पुरतात. फक्त वस्तूचा ओरिजिन (मूळबिंदू) दोराच्या अक्षावर आहे ना, ते आधी बघा. गाल आणि हनुवटीसाठी स्कल्प्टमधला (माती घडवल्यासारखं काम करायच्या भागातला) इलॅस्टिक डिफॉर्म ब्रश घ्या. तो २.८१ पासून आहे. गाल ओढला की तो खऱ्या मांसासारखा बाजूने आत जातो, कारण त्यामागे लवचीक पदार्थाचं समीकरण आहे. त्याने चेहऱ्याच्या चार शेप की, म्हणजे घडवून जपून ठेवलेले आकार, केल्या: हसू, फुंकर, चुलीच्या धुराने मिटलेले डोळे आणि ओठांचा तो चंबू, जो ती मांडा खापरावर टाकताना दर वेळी करते आणि तिला स्वतःला माहीत नाही.

कोणी घ्यावं? लग्नाचं एडिटिंग, फ्लेक्सचं डिझाइन, शाळेसाठी चित्रफिती असं काम करणाऱ्या माझ्यासारख्या कोणीही. जळगाव-धुळ्यात बसून हे काम होतं, त्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन राहायची गरज नाही. महिन्याला भाडं घेणारी सॉफ्टवेअर्स आमच्यासारख्यांना परवडत नाहीत, आणि भाडं थांबलं की आपलीच फाइल आपल्याला उघडता येत नाही. ब्लेंडरची फाइल माझी आहे. मोठी माय नसेल तेव्हाही ती उघडेल, हे मला फार मोठं वाटतं. कोणी घेऊ नये असं मला सुचत नाही. फक्त पहिल्या आठवड्यात माणूस बनवायला जाऊ नका. एक नळी घ्या, तिला दोन बोन्स द्या, पिळा आणि दुमडा. प्रिझर्व्ह व्हॉल्यूम टिक करून एकदा, न करता एकदा. मग तीच नळी लॅटिसमध्ये घाला, मग पिंजऱ्यात. प्रत्येक वेळी जाडी कुठे गेली ते पाहा. मी हे आधी केलं असतं तर मोठ्या मायला तो पहिला हात दाखवायची वेळच आली नसती.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो ड्रायव्हरपायी. रुंदी वाढली की जाडी कमी करणारं एखादं तयार बटण लॅटिसमध्ये असतं तर पोळी, भाकरी, माती, मेण असं काहीही करणाऱ्यांचं काम एका टिकेत झालं असतं.

मागच्या रविवारी पूर्ण झालेला चाळीस सेकंदांचा तुकडा तिला दाखवला. टीव्हीला जोडून, मोठ्या आकारात. हात उताणा झाला, पालथा झाला, बांगड्या खळखळल्या, मांडा कोपरापर्यंत आला आणि खापरावर उतरला. ती गप्प होती. मी पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ती पुढे वाकली, हात वर करून टीव्हीच्या काचेवर मांड्याच्या कडेपाशी बोट ठेवलं आणि म्हणाली, "काठ जाड शे. कच्चा ऱ्हाई जाई."

हाताबद्दल ती काहीच बोलली नाही. मी लॅपटॉप उघडला आणि लॅटिसच्या बाहेरच्या सोळा बिंदूंचे दोन थर आणखी जवळ आणले. ती शेजारी बसून सांगत होती, अजून, अजून थोडं, आते बस.